पुन्हा सांगा

३ फेब्रुवारी, सोमवार

लॅबच्या मोठ्या बाईंनी आज दुपारी खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आमच्या लॅबमध्ये कुणी दार लोटत नाही. मशीनची घरघर सतत कानावर असावी लागते, ती थांबली तर काहीतरी बिघडलं हे लगेच कळतं. दार लोटायचं ते वाईट बातमी द्यायला.

बाई वाईट नाहीत. आधी माझ्या कामाचं कौतुक केलं, मी कधी नमुन्यांची अदलाबदल केली नाही, यंत्र नीट राखते वगैरे. मग म्हणाल्या, "पण फोनवर तुमचं बोलणं कळत नाही अशी वॉर्डांकडून तक्रार आहे." हे बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं. इथे मी सगळं मराठीत लिहिणार आहे, डायरीला कोण गुण देणार आहे!

हॉस्पिटलच्या तळघरात रक्त तपासायचं काम माझं. एखाद्या रुग्णाच्या रक्तात जिवावर बेतेल असा आकडा दिसला तर कॉम्प्युटरवर टाकून मोकळं व्हायचं नाही, लगेच वॉर्डला फोन करायचा. तिकडच्या माणसाने आकडा लिहून घ्यायचा, मला परत वाचून दाखवायचा, मी 'बरोबर' म्हणायचं आणि मगच फोन ठेवायचा. हा नियम फोनच्या वर भिंतीवर चिकटवलाय. दिवसातून दोनचारदा तरी ही वेळ येते. म्हणजे दिवसातून दोनचारदा मी कुणाला तरी कळत नाही.

मार्चअखेर मला कायम करायचं की नाही ते ठरणार. तोवर संध्याकाळी एका उच्चारवर्गाला जायचं, माझे फोन रेकॉर्ड होणार, वर्गाचे सर ते ऐकून मत देणार. "नाहीच जमलं तर?" मी विचारलं. बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. काय ते समजले.

माझी नोकरी गेली तर इथे राहायचा परवाना जातो. नवरा माझ्याच कागदांवर इथे आलाय. सासूबाईही. तिकडचं घर विकून आलोय आम्ही, परत जायचं म्हटलं तर कुलूप उघडायला दार नाही.

नवऱ्याला सांगितलं. "अगं, माझ्यापेक्षा तुझं इंग्रजी झकास आहे," म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा असून काय उपयोग? तुला तरी कोण विचारतंय?" तो हसला आणि भांडी घासायला उठला. भांडी आज माझी होती. सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाही असं ठरवलंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाचव्या मजल्यावरच्या वॉर्डमधली सिस्टर. मी तिला मनात 'पाचवा मजला' म्हणते. आज फोन केला, रुग्णाचं नाव सांगितलं, आकडा सांगितला, की तिचं ठरलेलं आलंच: "पुन्हा सांगा. सावकाश. मी लिहितेय."

दर वेळी! कसा म्हणून एक फोन सरळ जात नाही. पुन्हा सांगितलं, तिने वाचलं, मी बरोबर म्हटलं. तक्रार हिचीच असणार, मी पैज लावायला तयार आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग एका बंद पडलेल्या प्रवासी कंपनीच्या जागेत भरतो. भिंतीवर अजून समुद्रकिनाऱ्यांची पोस्टरं आहेत. आम्ही त्या निळ्या पाण्यासमोर बसून तोंड वेडंवाकडं करतो.

सर किडकिडीत, मऊ आवाजाचे. प्रत्येकाला एक छोटा आरसा आणि एक रबरबँड दिला. शब्दाच्या ज्या भागावर जोर द्यायचा तिथे रबर ताणायचा, बाकी ठिकाणी सैल सोडायचा. ओठांपुढे कागद धरून 'प' म्हणायचं, कागद हलला पाहिजे. माझा हलेना. शेजारी बसलेला आडदांड गृहस्थ पुलांचा इंजिनियर आहे, दुसऱ्याच देशातला. त्याने 'प' म्हटल्यावर कागद माझ्या मांडीवर येऊन पडला. सगळे हसले, मीसुद्धा. सोमवारनंतर पहिल्यांदाच हसले असेन.

सर मला म्हणाले, "तुमच्या भाषेत प्रत्येक अक्षराला सारखा मान असतो. इंग्रजीत एकाला मान द्यायचा, बाकीच्यांना ढकलायचं." मनात म्हटलं, म्हणजे ऑफिससारखंच की.

मग त्यांनी माझा खरा दोष सांगितला. वाक्य संपताना माझा आवाज वर चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं हिलाच खात्री नाही, म्हणून तो उलट विचारतो. "शेवटी आवाज खाली आणा आणि थांबा. ऐकणारा निश्चिंत होतो, काही विचारत नाही." हे मी घोटून घोटून पक्कं करणार आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रबरबँड आता लॅबच्या कोटाच्या खिशात असतो. नळ्या यंत्रात गेल्या की हात आपोआप खिशात जातो आणि ताणाताणी सुरू होते. शेजारच्या टेबलवरच्या दाढीने (त्याला सगळे दाढीच म्हणतात) विचारलं, खिशात काही जिवंत आहे का?

घरी आम्ही दोघांनी फक्त इंग्रजीत बोलायचं ठरवलंय. नवरा पहिल्या दिवशी राजदूतासारखा बोलत होता, "मॅडम, आपण मला मीठ देण्याची कृपा कराल का?" दुसऱ्या दिवशी सासूबाई ताटावरून उठल्या. "माझ्यावरून भांडता ते मला कळू नये म्हणून इंग्रजीत होय रे?" त्यांची समजूत काढायला मराठीच वापरावी लागली, तेवढा सराव बुडाला.

ताईचा फोन आला होता. उचलला नाही. मराठी बोललं की जीभ पुन्हा जुन्या वळणावर जाते असं मला वाटायला लागलंय. ताईला काय, नंतर करता येईल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लाजेने मेले. हीटरच्या पाइपातून पाणी गळतंय म्हणून घरमालकाने कारागीर पाठवला. मी पोचले तर सासूबाई त्याची बाही धरून त्याला ओढत पाइपाकडे नेत होत्या आणि मराठीत सांगत होत्या, "इथून नाही रे बाबा, इथून, या सांध्यातून. बघ, हात लाव. लागलं ओलं?" तो मान डोलवत होता. तेवढ्याने त्यांचं भागेना. त्याला खुणेने परत दाखवायला लावलं, कुठून गळतंय ते तू दाखव. त्याने बरोबर बोट ठेवलं तेव्हा कुठे बाही सोडली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो आई, तो हो म्हणत होता ना? कशाला त्याला एवढं पिडायचं?"

"हो काय, कुणीही म्हणतं," त्या म्हणाल्या. "आपली सुटका व्हावी म्हणून पण माणूस हो म्हणतो."

पाइप गळायचा थांबला, ते एक बरं. पण शेजारणीने दारातून सगळं पाहिलं. उद्या जिन्यात भेटली तर तिला काय सांगू? आणि कुठल्या उच्चारात सांगू?

१९ फेब्रुवारी, बुधवार

एक युक्ती केली होती. दाढीच्या नळ्यांचं सगळं साफसफाईचं काम मी करायचं, माझे फोन त्याने करायचे. चार दिवस मी स्वर्गात होते. आज मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "चार दिवसांत सरांकडे तुमचा एकही फोन पोचलेला नाही. ते मत कशावर देणार?"

दाढी लगेच यंत्राच्या आड झाला. मी बाईंना म्हटलं, या आठवड्यात धोक्याचे आकडे कमी आले.

मला खरंच भीती वाटते. पडद्यावर आकडा लाल झाला की माझ्याच छातीत धडधडायला लागतं. त्या माणसाचं काय होईल हे नंतर सुचतं, आधी सुचतं ते हे, की आता फोन करावा लागणार आणि पलीकडून कुणीतरी 'काय?' म्हणणार. लिहायला बरं नाही वाटत, पण आहे हे असं आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सरांनी आज माझे दोन फोन ऐकवले. म्हणाले, खूप फरक आहे. आवाज खाली येतोय, घाई नाही, शब्दांचे कोपरे स्वच्छ. पूलवाल्याने टाळी वाजवली. तो अजून रबर ताणताना स्वतःच वर उचलला जातो.

नवरा आजकाल जेवताना बोलतच नाही. मला ती शांतता बरी वाटते, मनातल्या मनात वाक्यं घोळवता येतात. आज त्याने मराठीत काहीतरी विचारलं आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही. म्हणजे प्रगती आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं! जमलं, जमलं!

चहाच्या वेळी पाचव्या मजल्याच्या एका रुग्णाचं पोटॅशियम सात पॉइंट एक आलं. एवढं चढलं तर हृदय बंद पडू शकतं. नमुना पुन्हा लावून पाहिला, तेच. फोन उचलला, खिशातला रबर ताणला आणि श्वास घेतला. पलीकडे ती सिस्टर नव्हती. कुणीतरी पुरुष होता, बदलीवर आलेला नवा नर्स असावा. मी रुग्णाचं नाव सांगितलं, पोटॅशियम म्हणाले (प असा की कागद उडावा), आकडा सांगितला, शेवटी आवाज अलगद खाली आणला आणि थांबले.

तो म्हणाला, "ओके, थँक यू."

बस. ना 'काय', ना 'पुन्हा सांगा', ना 'सावकाश'. तीनच शब्द, तेही किती स्वच्छ. आणि मी फोन ठेवला. वाचून दाखवा असं म्हणायला हवं होतं खरं, नियम आहे. पण चालत्या गाडीला आपणच खीळ कशी घालणार? मी म्हटलं असतं आणि त्याने 'काय?' केलं असतं म्हणजे? झालं ते सोन्यासारखं झालं.

दाढीला अंगठा दाखवला. घरी येताना बसमध्ये एकटीच हसत होते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अभिनंदन, मॅडम," पण आज त्यात राजदूत नव्हता. सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही आई, फोन नीट लागला.

३ मार्च, सोमवार

दाढीने सांगितलं. पाचव्या मजल्यावरच्या एकाला शुक्रवारी संध्याकाळी अतिदक्षता विभागात हलवलं. हृदय बंद पडत आलं होतं, जेमतेम वाचवलं. पोटॅशियम वाढलेलं होतं आणि वॉर्डमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

मी नाव पाहिलं. तोच.

म्हणजे माझा फोन पोचलाच नाही. मला वाटलं मी इतकं छान बोलले आणि त्याला एक अक्षर कळलं नसणार. मी आरशापुढे उभी राहून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. 'सेव्हन'मधला 'व' असेल का? की आकडा सांगताना जोर चुकला? काय चुकलं तेच सापडत नाही. आता मला काढणार. काढू देत, त्या माणसाला काही झालं तर मी काय करू?

सासूबाई दारावर टकटक करत होत्या. "आत कुणाशी बोलतेस गं एवढं?"

४ मार्च, मंगळवार

वर्गाला जाणार नव्हते. गेले नसते तर बरं झालं असतं.

सरांनी हसत हसत सांगितलं, आज तुम्हाला या बाईंचा एक नमुनेदार फोन ऐकवतो. आणि लावला. शुक्रवारचाच! त्यांना काही ठाऊक नव्हतं, बिचारे खूश होते. त्या समुद्रकिनाऱ्यांसमोर माझा आवाज वाजत होता आणि तो माझा वाटत नव्हता. एक शांत, सुखवस्तू बाई कुणाला तरी सांगत होती की एका माणसाचं हृदय बंद पडू शकतं, आणि ती ते असं सांगत होती की ऐकणाऱ्याने निवांत बसावं. एकेक शब्द स्वच्छ. शोधायला गेले तरी चूक नाही. मग "ओके, थँक यू", मग फोन ठेवल्याचा आवाज.

"उत्तम!" सर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पूलवाल्याने वाजवली नाही. कपाळाला आठी घालून म्हणाला, "पण त्याने परत कुठे वाचून दाखवलं?"

सर म्हणाले, आपण इथे उच्चार पाहतोय.

"ते ठीक. पण आमच्याकडे क्रेनवाल्याने आमचं वाक्य परत बोलून दाखवल्याशिवाय आम्ही वजन हलवत नाही. खाली माणसं असतात."

मी उठले आणि बाहेर आले. जिन्यात बसले. कालपासून मी माझी जीभ तपासत होते. जीभ ठीक होती.

सर मागोमाग आले. मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते माझ्याच पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ हातातला रबरबँड बोटाला गुंडाळत राहिले. "मीच तुम्हाला थांबायला शिकवलं," एवढंच म्हणाले.

५ मार्च, बुधवार

अतिदक्षता विभागाच्या बाहेर जाऊन आले. कशाला गेले कुणास ठाऊक. काचेतून काही दिसत नाही. बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून पुरुषाचे बूट डोकावत होते. बुटांत मोजे नीट घडी करून ठेवलेले. माझ्या कोटाकडे पाहून ती चटकन उठली, काही सांगायला आलेय असं वाटलं असेल. मी मान हलवली आणि पळाले. अक्षरशः पळाले.

७ मार्च, शुक्रवार

चौकशी झाली. मोठ्या बाई, वॉर्डचे डॉक्टर, पाचवा मजला, तो नवा नर्स आणि मी. तो उंच, खांदे पाडून बसलेला, टेबलाच्या कडेकडे पाहत. कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचा. "गडबड होती, राहून गेलं," असं डॉक्टरांनीच त्याच्या वतीने सांगितलं.

मोठ्या बाईंनी सुरुवात केली ती मला सांभाळून घेतच. "यांच्या उच्चारांची अडचण आम्हाला आधीच माहीत होती. प्रशिक्षण चालू आहे. संवादात गोंधळ झाला, हेतू वाईट नव्हता." माझ्यापुढे पळवाट उघडून ठेवली होती त्यांनी. हो म्हटलं असतं तर आणखी थोडं प्रशिक्षण, आणि सुटले असते.

मग रेकॉर्डिंग लावलं. ते संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "यात न कळण्यासारखं काय आहे? हे तर बातम्या देणाऱ्या बाईसारखं आहे."

पाचवा मजला माझ्याकडे पाहत होती. जवळून पहिल्यांदाच पाहिली, माझ्यापेक्षा लहान आहे आणि डोळे थकलेले आहेत. ती म्हणाली, "ही बाई नेहमी थांबते. लॅबमधले बाकीचे आकडा फेकतात आणि फोन ठेवतात. मी पुन्हा सांगा म्हणते, ही पुन्हा सांगते, मी वाचेपर्यंत हलत नाही. हिचा फोन आला की मी आधी पेन शोधते. या वेळी का थांबली नाही, मला तेवढंच कळत नाही."

"पण तक्रार तुम्हीच केली होती ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी? कसली तक्रार?"

ती कुणी केली होती ते आता कोण विचारणार. मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. वाचून का घेतलं नाही?

सगळ्या वर्गाचं शिक्षण विसरून मी बोलले. आवाज वर चढला, अक्षरांना सारखा मान मिळाला, 'व' जसा यायचा तसा आला. म्हटलं, वाचून दाखवा म्हटलं असतं तर तो 'काय?' म्हणाला असता. त्या शब्दाची मला भीती वाटते. त्या माणसाच्या हृदयाची वाटायला हवी होती, पण त्या क्षणी मला 'काय'ची जास्त वाटली. म्हणून मी थांबले नाही.

कुणी 'पुन्हा सांगा' म्हटलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

त्या नव्या नर्सने फक्त या वेळी मान वर केली. काही बोलायचं होतं त्याला, ओठ हलले, पण डॉक्टर उठले आणि बैठक संपली. वरिष्ठांना अहवाल जाईल, निर्णय नंतर. "तोवर मी फोनवर नको ना?" मी बाईंना विचारलं. विचारलं कसलं, विनवलं. बाई म्हणाल्या, "तोवरही फोनवर. आणि वाचून घेतल्याशिवाय खाली ठेवायचा नाही."

घरी आले तर सासूबाई एकट्याच होत्या. कोट न काढता त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं, तक्रार, वर्ग, रबरबँड, तो माणूस, बुटांतले मोजे, परवाना. एका दमात, मराठीत. किती दिवसांनी इतकं मराठी बोलले!

"माणूस जिवंत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग आधी पाणी पी." मी प्यायले. "आता पुन्हा सांग. निम्मं कळलं नाही मला."

मी पुन्हा सांगितलं. मध्येच नवरा आला आणि चपला न काढता दारातच ऐकत उभा राहिला. सगळं ऐकून म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू बोलत नव्हतास." तो म्हणाला, "मी बोलत नव्हतो?" यावर सासूबाई म्हणाल्या, "आता मात्र भांडा, मला सगळं कळतंय." आम्ही तिघंही हसलो आणि मी रडले.

मग ताईला फोन लावला. आधी तिने यथेच्छ शिव्या घातल्या.

२१ मार्च, शुक्रवार

निर्णय आला. मला कायम केलं नाही आणि काढलंही नाही. आणखी सहा महिने पाहणार. म्हणजे भीतीला मुदतवाढ. सासूबाई म्हणाल्या, सहा महिने म्हणजे काय थोडे का? त्या शेजारणीला मराठी शिकवायला लागल्यात, त्यांना वेळ हवाच आहे.

पण आज लिहायला बसले ते त्यासाठी नाही.

तो माणूस बरा होऊन पुन्हा पाचव्या मजल्यावर आलाय. आज दुपारी त्याचा नमुना आला आणि पोटॅशियम सहा पॉइंट आठ. लाल. नाव दोनदा वाचलं. दाढी बाजूलाच होता, हळूच म्हणाला, "मी करू का?" मी मान हलवली. रबरबँडला हात लावला नाही.

फोन उचलला तो त्याच नव्या नर्सने. त्याचा 'हॅलो' ऐकताच कळलं. मी कोण ते त्यालाही कळलं असावं. मग मी नाव सांगितलं, आकडा सांगितला. आवाज शेवटी वर चढला, चढू दिला. "लिहा. मी थांबलेय," म्हटलं. पलीकडे कागदाची खसखस. "आता वाचून दाखवा."

त्याने वाचलं. अडखळत, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं. नाव बरोबर, आकडा बरोबर. मी म्हटलं, "बरोबर." मागून पाचव्या मजल्याचा आवाज आला, ती डॉक्टरांना हाका मारत होती. फोन ठेवला तेव्हाही भीती होतीच. तशी ती पहिल्या दिवसापासून आहे, आज फक्त मी तिच्यासाठी फोन लवकर ठेवला नाही.

संध्याकाळी उपचारानंतरचा नमुना घेऊन तो स्वतः तळघरात आला. नळी माझ्या हातात दिली. यंत्रात लावली, आकडा उतरला होता, पाच पॉइंट दोन. मी त्याला पडदा दाखवला. त्याने मोठा श्वास सोडला, पण गेला नाही. दारापाशी उभा राहिला आणि काहीतरी बोलला.

मला एक अक्षर कळलं नाही. त्याचं इंग्रजी भलत्याच वळणाचं आहे, कुठल्या देशाचं कुणास ठाऊक, सगळे शब्द घशात एकमेकांना धरून बसतात. आत्तापर्यंत मी त्याच्या तोंडून 'हॅलो' आणि 'ओके, थँक यू' एवढंच काय ते स्वच्छ ऐकलं होतं. पाठ केलेलं असणार. आज वाचून दाखवलं ते मी सांगितलेलंच होतं, म्हणून समजलं. त्याचं स्वतःचं वाक्य पहिल्यांदाच ऐकत होते.

मी मान डोलावून वेळ मारून नेऊ शकले असते. ओके, थँक यू.

"पुन्हा सांगा," मी म्हटलं. "सावकाश."

त्याचे कान लाल झाले. त्याने एकदा मागे जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून एकेक शब्द सुटा करत पुन्हा सांगितलं.

"त्या दिवशी मला आकडा कळला नव्हता. पण तुमचं इंग्रजी इतकं चांगलं होतं, की पुन्हा विचारायची मला लाज वाटली."